सापाचे फोटो आणि पंच्याऐंशी सेंटिमीटर: जुन्या कॅनन १५००डीचा अनुभव

"ह्याच्यात साप किती जवळून घेता येतो?" कॅमेरा गळ्यात दिसला की हा प्रश्न ठरलेलाच. मला तो ऐकून दरवेळी धडकी भरते. घोणस समोर असताना जवळ जायला लावणारी लेन्स काय कामाची? मी कॅमेरा शोधत होते तेव्हा माझा प्रश्न नेमका उलटा होता: किती लांबून चांगला फोटो येतो, आणि तेही पस्तीस हजारांच्या आत. त्या हिशोबाने जुना कॅनन १५००डी घेतला, सोबत ५५-२५० एसटीएम लेन्स. भरपूर वापरून झाल्यावर माझे गुण असे: लेन्सला दहापैकी नऊ, बॉडीला (म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याला) सहा, आणि तेही जरा सढळ हाताने.

आधी मी कसली गिऱ्हाईक आहे ते सांगते, म्हणजे तुमची गरज वेगळी असेल तर इथेच थांबता येईल. वारज्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. थोरल्या बहिणीचा मुलगा सर्पमित्र आहे, वनखात्याकडे रीतसर नोंद असलेला. सिंहगड रोड, धायरी, नऱ्हे, खडकवासला ह्या पट्ट्यातून त्याला फोन येतात. पावसाळ्यात तर भरल्या ताटावरून उठावं लागतं. कुठे कुठला साप निघाला ह्याची वही तो ठेवतो आणि वहीला जोडायचे फोटो माझ्या गळ्यात पडले. त्यामुळे माझे निम्मे फोटो रात्रीचे, पार्किंगमधले, बाथरूममधले किंवा जिन्याखालचे. त्यात कला वगैरे शोधू नका, सापाची ओळख पटली पाहिजे एवढीच अपेक्षा. उरलेले निम्मे सुट्टीच्या दिवशीचे, टेकडीवरचे आणि घाटातले. ते मात्र माझ्या हौसेचे.

बॉडी, १८-५५, ५५-२५०, दोन बॅटऱ्या आणि एक कळकट बॅग, सगळं मिळून साडेसव्वीस हजारांत मिळालं. विकणारा कर्वेनगरचा एक मुलगा होता. घरच्या लग्नासाठी घेतलेला कॅमेरा, लग्नानंतर कपाटात जाऊन बसलेला. जुना माल घ्यावा तर असाच. त्याआधी एका दुकानात हीच लेन्स बघितली होती. मागून मोबाईलचा टॉर्च मारला तर आतल्या काचेवर पांढरे, फाटे फुटलेले तंतू. दुकानदार म्हणाले, "धूळ आहे हो मॅडम, फोटोत येत नाही." दिवसभर मायक्रोस्कोपखाली बुरशी बघणाऱ्या बाईला बुरशी धूळ म्हणून खपवायची, ह्या धाडसाचं मला कौतुकच वाटलं. जुनी लेन्स घेताना टॉर्च मारून बघितल्याशिवाय पैसे काढू नका. पुण्यातल्या दमट पावसाळ्यात बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी निघणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

आता लेन्सबद्दल, कारण खरी खरेदी तीच. ५५-२५० एसटीएमचं सगळ्यात जवळचं फोकस ८५ सेंटिमीटरवर होतं. मॅक्रोवाले, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणारे लोक हा आकडा ऐकून नाक मुरडतात. मला मात्र तो आकडा बघूनच लेन्स आवडली. हे अंतर लेन्सच्या टोकापासून मोजत नाहीत, सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक छोटा गोल आणि त्याला छेदणारी रेघ कोरलेली असते, सेन्सर तिथे. २५०वर, म्हणजे पूर्ण झूम केलं की लेन्सची नळी पुढे सरकते. म्हणजे ८५मधून कॅमेरा आणि नळी वजा केली तर लेन्सच्या टोकापासून सापापर्यंत साधारण दोन फूट उरतात. इतक्या अंतरावर चौकटीत साडेसात सेंटिमीटरच्या आसपास रुंदी मावते. मोठ्या घोणशीचं डोकं निम्मी चौकट भरून टाकतं. डोळ्याची उभी बाहुली, नाकपुडी, ओठावरचे खवले, सगळं मोजता येतं.

साप साधारणपणे आपल्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झडप घालू शकतो. चार फुटी घोणस म्हणजे दोन फूट. हिशोब अगदी चोख जुळतो, आणि जुळतो म्हणूनच त्या अंतरावर मी थांबत नाही. घोणस, फुरसं, नाग, मण्यार ह्यांपैकी कोणीही असलं तर पावणेदोन मीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही असं भाच्याने बजावलंय, आणि त्याच्यासमोर मावशीपणा चालत नाही. "मावशी, मागे हो" हे वाक्य त्याने उच्चारलं की मी पाठ न वळवता दोन पावलं मागे येते. पावणेदोन मीटरवरून चौकटीत पंधरा-सतरा सेंटिमीटर मावतात. १५००डीचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे, फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. कडेने कापून निम्मी रुंदी ठेवली तरी ३००० पिक्सेल हातात राहतात आणि दहा इंचांची प्रिंट स्वच्छ निघते. पाऊल पुढे टाकण्याऐवजी घरी येऊन फोटो कापावा.

ह्याउलट बॉडीबरोबर फुकटात आल्यासारखी येते ती १८-५५. कागदावर तिचा आकडा जास्त देखणा आहे: सेन्सरवर ती वस्तू खऱ्या आकाराच्या ०.३४ पट उमटवते, ५५-२५० फक्त ०.२९ पट. पण ते ०.३४ मिळवायला सेन्सरपासून २५ सेंटिमीटरवर जावं लागतं. लेन्सच्या टोकापासून वीतभरही अंतर राहत नाही. दुकानात कोणी "ही जास्त जवळून घेते" म्हणून ती पुढे केली तर हसून परत द्या. मी ती फक्त परिसर दाखवायला वापरते: बिळाचं तोंड, दगडांची रास, साप सोडला ती जागा.

लेन्सचा उपयोग काय ते एका रात्रीने नीट दाखवलं. नऱ्ह्यातल्या एका सोसायटीत जिन्याखाली, वीजमीटरच्या पेटीजवळ काळा साप गुंडाळून बसला होता, अंगावर पांढरे पट्टे. वॉचमन काका ठाम होते, "कवड्या आहे ताई, बिनविषारी. मागच्या आठवड्यात मीच एक काठीने बाहेर काढला." भाचा हुक आणि पिशवी तयार करत होता. त्याला एका नजरेत कळलं होतं, पण काकांना सांगून पटेना. मी मागून, पायऱ्यांवर उभी राहून, २५०वर पाठीचे दोन फोटो काढले आणि स्क्रीनवर मोठे करून काकांसमोर धरले. मानेकडचा भाग सबंध काळा. पट्टे बरेच मागून सुरू झालेले, बारीक, जोडीजोडीने, शेपटीकडे ठळक होत गेलेले. कवड्याचं उलटं असतं, मानेकडे पट्टे स्पष्ट आणि शेपटीकडे विरत जाणारे. आणि मुख्य म्हणजे पाठीच्या मधोमध एकच ओळ, बाकीच्यांपेक्षा मोठ्या, षटकोनी खवल्यांची. ती ओळ म्हणजे मण्यारच. झोपलेल्या माणसाला चावतो, दुखतही नाही, आणि मग श्वास बंद पडत जातो, असा हा साप. काकांनी फोटो बघितला, स्वतःच्या काठीकडे बघितलं आणि न बोलता दोन पायऱ्या वर गेले.

तो फोटो षटकोन मोजता येण्याइतका स्वच्छ आला ह्याचं निम्मं श्रेय लेन्सचं, निम्मं उजेडाचं. उजेडावर जरा सविस्तर बोलते, कारण लोक पैसे बॉडीवर उधळतात आणि उजेड फुकट मागतात.

सापाचा खवला दोन प्रकारचा असतो, निदान फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने. घोणस, फुरसं ह्यांच्या खवल्यांवर मधोमध उंचवटा असतो, अंग खडबडीत, उजेड खाऊन टाकणारं. त्यांच्यावर कसाही फ्लॅश मारा, फोटो बरा येतो. मण्यार, कवड्या, मांडूळ, इवलासा वाळा हे मात्र गुळगुळीत. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उघडून समोरून मारला की अंगावर पांढरे चट्टे, आणि नेमके ओळखीच्या खवल्यांवरच. शिवाय ५५-२५०ची नळी पुढे आलेली असताना जवळच्या फोटोत खालच्या बाजूला लेन्सचीच सावली पडते. म्हणून फ्लॅश वेगळा हवा, बाजूने हवा आणि समोर पडदा लावून मऊ केलेला हवा.

इथे १५००डीची सगळ्यात मोठी गोम कळते. ह्या बॉडीच्या माथ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेत, म्हणजे हॉट शूमध्ये, मधली गोल पिन नसते. कॅननने काही स्वस्त बॉड्यांमधून ती काढूनच टाकली. दोन-अडीच हजारांचे साधे मॅन्युअल फ्लॅश त्याच पिनवर चालतात. ते वर चढवले तर शोभेला बसतात, उडत नाहीत. उपाय दोन आहेत. एक म्हणजे कॅननच्या बाकीच्या संपर्कबिंदूंवर चालणारा टीटीएल (उजेड मोजून आपली ताकद आपणच ठरवणारा) फ्लॅश घ्यायचा, तो महाग. दुसरा माझा: ज्या स्वस्त फ्लॅशला दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून उडायची सोय असते तो घ्यायचा आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश नुसता इशारा द्यायला वापरायचा. त्यातही एक पाचर आहे. कॅमेरा खऱ्या फ्लॅशच्या आधी एक बारीक चाचणी-फ्लॅश मारतो, आणि साधा स्लेव्ह, म्हणजे इशाऱ्यावर उडणारा फ्लॅश, त्यावरच उडून मोकळा होतो. म्हणून पहिला इशारा सोडून दुसऱ्यावर उडणारी सेटिंग असलेलाच फ्लॅश मागून घ्या. दुकानात कॅमेरा सोबत न्या आणि लावून बघा. भर उन्हात ही युक्ती दगा देते, पण रात्री आणि सावलीत उत्तम चालते.

फ्लॅश भाचा किंवा त्याचा जोडीदार हातात धरतो, सापाच्या एका बाजूला, जरा वरून, हात लांब करून. समोरचा पडदा अप्पा बळवंत चौकातल्या ट्रेसिंग पेपरचा: दोन थर, पुठ्ठ्याची चौकट, कडेने काळी चिकटपट्टी. खर्च एका मिसळीपेक्षा कमी. सेल रिचार्जेबल घ्यायचे, तपकीर गल्लीत मिळतात, पण नाव नसलेले घेऊ नका. सेटिंग माझी ठरलेली: शटर १/२००, कारण ह्याहून वेगात ह्या बॉडीचा फ्लॅश जुळत नाही. लेन्सचं छिद्र एफ ११, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ४००, फ्लॅश एक-अष्टमांश ताकदीवर, आणि मग अंतराप्रमाणे वरखाली. एफ ११वरसुद्धा स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी पातळ असतो. नाकाचा शेंडा आणि डोळा दोन्ही हवे असतील तर कॅमेरा सापाच्या डोक्याला समांतर धरायला हवा. मायक्रोस्कोपखालीही स्लाइड तिरकी बसली की अर्ध्या पेशी धूसर दिसतात. आम्हा लॅबवाल्यांना ती सवय असते, त्यामुळे हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

डोळ्याचंही सांगते. सापाला पापणी नाही, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. समोरून फ्लॅश मारला की बाहुलीच्या मधोमध पांढरा ठिपका येतो आणि सापाला खेळण्यातला प्लॅस्टिकचा डोळा लावल्यासारखं दिसतं. बाजूच्या मऊ उजेडाने तीच चमक वरच्या कडेला सरकते आणि बाहुलीचा आकार उघडा पडतो: धामणीची गोल, घोणशीची उभी फट, हरणटोळाची आडवी. कात टाकायच्या आधी तो खवला दुधी निळसर होतो. तेव्हा सापाला नीट दिसत नाही आणि तो चिडलेलाही असतो. असा डोळा दिसला की फोटो राहू द्या.

बॉडीकडे वळते. कुरकुर तिथेच आहे.

स्क्रीन मागे घट्ट बसवलेली, वळत नाही. साप जमिनीवर असतो. त्याच्या डोळ्याच्या पातळीवर यायचं तर पोटावर आडवं व्हावं लागतं. बिनविषारी सापापुढे मी होतेही, पण विषारी सापासमोर आडवं पडलेल्या माणसाला मागे सरता येत नाही. त्यामुळे ते बाद. स्क्रीनवर बघून फोकस करायचं म्हटलं तर ह्या बॉडीचा लाइव्ह व्ह्यू मंद आहे, रात्री तर फोकस पुढेमागे शोधत बसतो. व्ह्यूफाइंडरमधून बघितलं की काम होतं, पण नऊ फोकसबिंदूंपैकी भरवशाचा मधलाच. मी तो एकच चालू ठेवलाय: डोळ्यावर लावायचा, बटण अर्धं दाबायचं, मग चौकट हलवायची. सेकंदाला तीन फोटो, बस्स. जीभ बाहेर आलेली हवी असेल तर बटण दाबून धरण्यात अर्थ नाही, सापाची लय बघून एकेक फोटो घ्यावा. नाग सावध असताना जीभ सावकाश हलवतो आणि क्षणभर बाहेर धरतो, तेवढा वेळ पुरतो. आयएसओ १६००पर्यंत फोटो स्वच्छ, ३२००वर काळ्या सापाच्या अंगावर रंगीत दाणे उठतात.

खाली वाकण्यावर एक उत्तर मात्र बॉडीतच आहे, आणि ते मला फार आवडलं. ह्यात वाय-फाय आहे. कॅननचं अॅप मोबाईलवर टाकलं की कॅमेऱ्याला दिसणारं चित्र मोबाईलवर येतं आणि तिथूनच फोटो काढता येतो. जागचा न हलणाऱ्या सापासाठी हे मी वापरत नाही, कारण कॅमेरा ठेवायला त्याच्याजवळ जावं लागतं. सरड्यांसाठी मात्र तोड नाही. साताऱ्याच्या वर, ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं. तिथे गळ्याखाली निळी-काळी-नारिंगी झालर उघडणारा सरडा राहतो. आमच्याकडे सगळे त्याला सुपर्ब फॅन-थ्रोटेडच म्हणतात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं, ते ह्याच पठारावरच्या नमुन्यांवरून. उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, नर ठरावीक दगडांवर चढतो, झालर फुगवतो, उतरतो, आणि थोड्या वेळाने त्याच दगडावर परत येतो. दगड ओळखला की काम झालं. तांदळाची छोटी पिशवी जमिनीवर, तिच्यावर कॅमेरा, लेन्स दगडाकडे, आणि मी दहा-बारा पावलं लांब, छत्रीच्या सावलीत मोबाईल बघत. वाऱ्याने छत्री दोनदा उलटी झाली. सरड्याने दखल घेतली नाही. मोबाईलवर चित्र क्षणभर उशिरा येतं, त्यामुळे झालर उघडायला लागली की लगेच बटण दाबावं, पूर्ण उघडायची वाट बघू नये. त्या दिवशीचा एक फोटो लॅबच्या भिंतीवर लागलाय. रिपोर्ट न्यायला आलेल्या एक आजी विचारत होत्या, "रंग नंतर भरलाय ना हा?"

जवळच्या कामासाठी रेनॉक्स डीसीआर-१५० ही छोटी भिंग-लेन्स घेतली. ती ५५-२५०च्या ५८ मिलिमीटर तोंडावर चिमट्याने बसते आणि मोठेपणा एकपटीच्या पुढे नेते. पण मग सापाला लेन्सपासून वीस सेंटिमीटरवर यावं लागतं. तिची थोरली बहीण डीसीआर-२५० तर आणखी जवळ बोलावते. तेव्हा ह्या दोघी पाली, सापसुरळी, पडलेली कात, अंड्यांची टरफलं ह्यांच्यासाठी. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर रात्री किडे टिपायला पाल येते. काचेच्या ह्या बाजूने तिच्या पंज्याचा फोटो घेतला, तर बोटांखालच्या त्या आडव्या पट्ट्या एकेक दिसतात, ज्यांच्या जोरावर ती काचेला चिकटते. पालीच्या जाती ओळखताना त्या पट्ट्या मोजतात. आमच्या घरच्यांना पाल दिसली की झाडू आठवतो, मला डीसीआर-१५०. कातीचे खवलेही ह्यातून सुंदर येतात. खिडकीत सकाळच्या उन्हासमोर धरा, फ्लॅशची गरज नाही.

हात बसवायला कात्रजचं सर्पोद्यान. १९८६ पासूनचं आहे, आता राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग. बुधवारी बंद. तिथे काचेआडून फोटो काढायचे असतात, म्हणून लेन्सला रबरी हूड लावून तो काचेला अलगद टेकवायचा आणि फ्लॅश बंद ठेवायचा. अंगावरच्या शर्टाची काचेतली सावली नको असेल तर गडद कपडे घाला. शनिवार-रविवारी काचेवर मुलांच्या बोटांचे ठसे असतात, एक फडकं सोबत ठेवावं. घोणस आणि डुरक्या घोणस, मण्यार आणि कवड्या ह्यांचे फोटो एका सकाळीत घेऊन घरी शेजारी शेजारी ठेवून बघा, नजर तयार होते.

पाऊस हा ह्या कॅमेऱ्याचा वैरी. बॉडी आणि लेन्स, कोणालाच पाण्यापासून संरक्षण नाही. ताम्हिणीत जुलैमध्ये हरणटोळ बघायला जाता आणि पाऊस आडवा येतो तेव्हा प्लॅस्टिकची पिशवी, रबरबँड आणि छत्री धरायला एक भला माणूस लागतो. हरणटोळाचा डोक्याच्या बाजूचा स्वच्छ फोटो घ्यायचा माझा हट्ट असतो, कारण सह्याद्रीतल्या हरणटोळांची २०२० मध्ये फेरमांडणी झाली आणि जुनी नावं पुरेनाशी झाली. फांदीवरचा हिरवा साप बघून सगळ्यांनाच हरणटोळ आठवतो, पण तिथे चापडाही असतो, तोही हिरवा, त्रिकोणी डोक्याचा. आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांच्याच विषावर बनवलेलं आहे, चापड्याच्या नाही. तेव्हा हिरव्या फांदीकडे २५०वरूनच बघा. घरी आल्यावर कॅमेरा हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद गरम करून परत निळे करायचे. ती कढई पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

फोटोसाठी साप पकडणं, हुकने उचलून दगडावर "मांडणं", सरड्याला फ्रिजमध्ये ठेवून गार करणं, असले प्रकार करणारे लोक पुण्यात मलाही भेटलेत, चांगल्या महागड्या लेन्सवाले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार ह्या शब्दात पकडणं आणि हाकणंही येतं, एवढं त्यांना ऐकवून मी पुढे जाते. माझा नियम साधा आहे: भाचा साप पिशवीत घेईपर्यंत जेवढे फोटो होतील तेवढे. नंतर "जरा परत बाहेर काढ रे" नाही. टेकडीवर साप दिसला तर दोन-तीन फ्लॅश, मग कॅमेरा खाली. आणि जागा कोणाला सांगायची नाही, मांडुळाची तर अजिबातच नाही. त्याच्या मागे तस्करांच्या काय काय टोळ्या लागतात हे पुण्यातला पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको.

दुसरं काय घेता आलं असतं? मोबाईलने ओळखीपुरता फोटो येतो, पण त्यासाठी हात पुढे न्यावा लागतो, आणि हात पुढे नेणारेच ससूनला पोचतात. ऑलिंपसचा टफ मालिकेतला कॅमेरा एका सेंटिमीटरवर फोकस करतो, पावसात भिजतो, पालींसाठी स्वर्ग. सापासाठी मात्र ते आमंत्रण आहे. निकॉनचे पी मालिकेतले लांब झूमवाले कॅमेरे खडकवासल्याच्या पलीकडच्या काठावरची घोरपड इथून टिपतात. पण सेन्सर नखाएवढा, त्यामुळे जिन्याखालच्या अंधारात दम तोडतात. दिवसा, लांबून, घोरपडी आणि पक्षी एवढीच हौस असेल तर तेच घ्या, लेन्स बदलायची कटकट नाही.

मला कोणी आज विचारलं तर ५५-२५० एसटीएम डोळे मिटून, म्हणजे टॉर्च मारून बघून, घ्या म्हणेन. बॉडी मात्र १५००डीऐवजी जुना २००डी मिळतोय का ते आधी बघा. पहिला, २०१७चा. त्याच्यानंतरचा मार्क टू नको, त्यातही ती पिन नाही. पहिल्याची स्क्रीन बाहेर काढून वळवता येते, बोटाने फोकस लावता येतो, लाइव्ह व्ह्यू झपाट्याने पकडतो, आणि हॉट शूमध्ये मधली पिन शाबूत आहे, त्यामुळे स्वस्त फ्लॅश तारेने जोडून भर उन्हातही उडतो. जुन्या बाजारात किंमत काही हजारांनी जास्त पडेल. ट्रेसिंग पेपर, तांदळाची पिशवी, रेनॉक्स आणि सगळ्या लेन्स तशाच चालतील. बॅटऱ्या तेवढ्या चालणार नाहीत, २००डीला वेगळी लागते. म्हणून मी १५००डी विकायला काढलाय तो सगळ्या बॅटऱ्यांसकट. १८-५५ सोबत देतेय, त्याचे वेगळे पैसे नाहीत.